चीनचा पर्यटक व्हिसा: भारतीय पासपोर्टवर अर्ज, कागदपत्रं आणि प्रवेशाचे नियम

भारतीय पासपोर्टवर चीनमध्ये फिरायला जायचं असेल, तर व्हिसा आधी काढावाच लागतो. हे सुरुवातीलाच ठासून सांगतो, कारण 'चीनने व्हिसा माफ केला' अशा बातम्या आणि रील्स सतत फिरत असतात आणि त्या पाहून लोक तिकिटं काढून मोकळे होतात. बातम्या खोट्या नसतात, पण सवलत ठरावीक देशांना असते. ३० दिवस व्हिसामुक्त प्रवेशाच्या यादीत भारत नाही. तिसऱ्या देशात जाताना वाटेत २४० तास थांबू देणाऱ्या यादीत ५५ देश आहेत, त्यातही भारत नाही. हायनान बेटाची वेगळी व्हिसामाफी आहे, तिथेही आपलं नाव नाही.

कुटुंबात दोन देशांचे पासपोर्ट असतील तर इथेच घोळ होतो. मुलगा अमेरिकेचा नागरिक, आई-वडील पुण्याचे, आणि तिघांनी मिळून मुंबईहून शांघाय, तिथून हाँगकाँग असं ठरवलं. मुलाला २४० तासांची सवलत मिळू शकते, कारण अमेरिका त्या यादीत आहे आणि हाँगकाँग पुढचा वेगळा प्रदेश म्हणून धरला जातो. आई-वडिलांना मात्र व्हिसा लागणारच. मुलाकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) आहे की नाही, याचा इथे काही संबंध नाही. पाहतात तो पासपोर्ट.

चीनच्या मुख्य भूमीत, म्हणजे हाँगकाँग आणि मकाव सोडून, भारतीयांना व्हिसाशिवाय मिळणारी मुख्य सोय म्हणजे २४ तासांच्या आतला ट्रान्झिट. पुढच्या देशाचं कन्फर्म तिकीट आणि तिथला व्हिसा हातात हवा, आणि विमानतळाच्या हद्दीतच थांबायचं. शहरात फेरफटका मारायचा तर तात्पुरता प्रवेश परवाना घ्यावा लागतो आणि तो देणं न देणं तिथल्या अधिकाऱ्याच्या हातात असतं. स्वस्तात पडतात म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं जोडणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा: सामान थेट पुढच्या विमानात जाणार नसेल तर ते घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं. आणखी एक गोष्ट गंभीरपणे लक्षात घ्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये शांघायच्या पुडोंग विमानतळावर ट्रान्झिटमध्ये असलेल्या एका भारतीय महिलेला, पासपोर्टवर जन्मस्थान अरुणाचल प्रदेश आहे म्हणून, कित्येक तास अडवून ठेवलं होतं. भारत सरकारने त्याचा निषेध केला. ज्यांचं जन्मस्थान तिथलं आहे, त्यांनी चीनमार्गे जाणारं तिकीट निवडताना हे गृहीत धरावं.

कोणता व्हिसा मागायचा

पर्यटनासाठीचा व्हिसा 'एल' प्रकारचा. ईवूच्या घाऊक बाजारात माल बघायला किंवा एप्रिल-ऑक्टोबरमधल्या ग्वांगझूच्या कँटन फेअरला जाणाऱ्या व्यापाऱ्याने 'एम' मागावा. नवरा किंवा मुलगी तिथे नोकरीला किंवा शिकायला असेल आणि त्यांच्याकडे राहायला जायचं असेल, तर 'एस२' असतो. 'एल' सोपा म्हणून सगळ्यांनी तोच काढायचा, असा सल्ला एजंट सर्रास देतात. तो ऐकू नका. इमिग्रेशनवर 'कशासाठी आलात' या प्रश्नाचं खरं उत्तर आणि पासपोर्टवरचा व्हिसा जुळला पाहिजे.

टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांना पुष्कळदा ग्रुप व्हिसा मिळतो. तो पासपोर्टवर नसतो, वेगळ्या कागदावर सगळ्यांची नावं असतात. सगळ्यांनी एकत्र आत जायचं आणि एकत्रच बाहेर पडायचं. सहल संपल्यावर दोन दिवस मागे राहू, हा बेत त्यात बसत नाही.

अर्ज

२२ डिसेंबर २०२५ पासून भारतातल्या चिनी दूतावासाने ऑनलाइन अर्ज सुरू केला आहे. आधी फॉर्म भरायचा, कागदपत्रं स्कॅन करून चढवायची, तिकडून छाननी होते, आणि कागद मंजूर झाल्याचं कळलं की मगच पासपोर्ट जमा करायचा. महाराष्ट्रात राहणाऱ्यांचा अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतो. नोकरीनिमित्त दुसऱ्या राज्यात असाल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा पाहून हद्द निवडा. कमी मुदतीच्या, एक किंवा दोन प्रवेशांच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे सध्या माफ आहेत. ही सवलत कायमची नाही, तिला मुदतवाढ मिळत आली आहे. त्यामुळे अर्ज करण्याच्या आठवड्यात दूतावासाची सूचना एकदा वाचाच. फी किती प्रवेश मागता यावर ठरते.

फॉर्म लांबलचक आहे. नोकऱ्यांचा इतिहास, शिक्षण, आई-वडिलांची नावं आणि जन्मतारखा (ते हयात नसले तरी), गेल्या बारा महिन्यांत केलेले परदेश प्रवास, सैन्यात सेवा केली आहे का, असं सगळं विचारतात. निवृत्त फौजींनी आणि पत्रकारांनी ही माहिती लपवू नये. खुलासा मागितला तर देता येतो. लपवलेलं नंतर निघालं तर पुढचे सगळे अर्ज अडचणीत येतात.

अर्ज परत येण्याचं अगदी साधं कारण म्हणजे फोटो. मोजमाप ३३ बाय ४८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या नेहमीच्या पासपोर्ट फोटोपेक्षा वेगळं. पार्श्वभूमी पांढरी, चेहरा समोर, दोन्ही कान आणि कपाळ उघडं. डिजिटल फाइल ४० ते १२० केबीमध्ये बसवावी लागते आणि रुंदी ३५४ ते ४२० पिक्सेल, उंची ४७२ ते ५६० पिक्सेल हवी. फोटो स्टुडिओत जाताना हे आकडे लिहून न्या. पांढरा शर्ट किंवा पांढरा कुडता घालून बसू नका, पार्श्वभूमीत मिसळतो.

कागदपत्रं

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी आणि दोन पानं कोरी. चीनचा आधीचा व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर त्याची प्रत जोडा. त्यानंतर येतात जाण्यायेण्याचं विमान आरक्षण, सगळ्या रात्रींचं हॉटेल बुकिंग, दिवसागणिक कार्यक्रम, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं. नोकरदाराने कंपनीच्या लेटरहेडवर रजा मंजुरीचं पत्र द्यावं. दुकानदाराने शॉप अ‍ॅक्टचा परवाना किंवा जीएसटी नोंदणी, निवृत्ताने पेन्शनचा कागद. गृहिणीचा खर्च नवरा करणार असेल तर त्याचं स्टेटमेंट आणि विवाह प्रमाणपत्र लावा, विशेषतः पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तेव्हा. लहान मुलांसाठी जन्मदाखला, आणि एकच पालक बरोबर असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र.

यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माझ्या मते शिल्लक रक्कम नाही. सगळे कागद एकच प्रवास सांगतात का, हे आधी पाहिलं जातं. एक उदाहरण घेऊ. सोलापूरचं एक जोडपं बीजिंगला चाललंय आणि त्यांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकालाही जायचंय. कोटणीस सोलापूरचे, १९४२ मध्ये चीनमध्येच वारले, आणि त्यांची समाधी बीजिंगच्या दक्षिणेला शिज्याच्वांग शहरात आहे. वेगवान रेल्वेने जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येतं. आता यांनी कार्यक्रमात लिहिलं, 'दिवस चौथा, शिज्याच्वांग, मुक्काम', पण हॉटेलची बुकिंग सहाही रात्री बीजिंगची. किंवा रजेच्या पत्रात तारीख १० ते १८ आणि परतीचं विमान १९ ला. अशा जागी शंका निघते. अर्ज पाठवण्याआधी तिकीट, हॉटेल, कार्यक्रम आणि रजापत्र शेजारी शेजारी ठेवून तारखा बोटाने जुळवून घ्या. आणि बुकिंग रद्द करता येण्याजोगी घ्या. व्हिसा येईपर्यंत पैसे अडकवण्यात शहाणपण नाही.

व्हिसा हातात आला की

स्टिकर मिळाला की चार नोंदी वाचायच्या: जारी केल्याची तारीख, कधीपर्यंत प्रवेश करायचा, किती प्रवेश, आणि प्रत्येक प्रवेशात किती दिवस. 'कधीपर्यंत' ही तारीख आत जाण्याची शेवटची तारीख आहे, बाहेर पडण्याची नाही. त्या दिवशी बीजिंगच्या घड्याळाने मध्यरात्र व्हायच्या आत इमिग्रेशन पार पडलं पाहिजे, आणि बीजिंग आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. मुक्कामाचे दिवस मात्र प्रवेशाच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक यांत एका अक्षराची चूक असली तरी तिथल्या तिथे दाखवून द्या.

प्रवेश किती मागायचे, हे हाँगकाँगमुळे ठरतं. बीजिंग, मग हाँगकाँग, मग पुन्हा मुख्य भूमीवरचं शेनझेन असा मार्ग असेल तर दोन प्रवेशांचा व्हिसा हवा, कारण हाँगकाँग किंवा मकावला जाणं म्हणजे मुख्य भूमीतून बाहेर पडणं. एकाच प्रवेशाच्या व्हिसावर लोक हाँगकाँगला जातात आणि परतीच्या सीमेवर अडकतात. हाँगकाँगसाठी भारतीयांना व्हिसाऐवजी प्रवासापूर्वी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती मोफत आहे, सहा महिने चालते आणि एका भेटीत १४ दिवस राहता येतं. मकावमध्ये भारतीय पासपोर्टवर ३० दिवस व्हिसा लागत नाही.

तिबेटचं प्रकरण वेगळं. चीनच्या व्हिसाखेरीज तिबेटचा प्रवास परवाना लागतो, तो तिथल्या अधिकृत एजन्सीमार्फतच मिळतो आणि त्याशिवाय ल्हासाच्या गाडीत किंवा विमानात बसूच देत नाहीत. कैलास-मानसरोवर यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. परराष्ट्र मंत्रालयाच्या यात्रेसाठी त्यांच्याकडे वेगळा अर्ज करून सोडतीत नाव यावं लागतं, तिथे पर्यटक व्हिसाचा उपयोग नाही.

विमानतळावर

कोलकाता-ग्वांगझू थेट विमान २६ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झालं आणि पाठोपाठ दिल्लीहूनही. मुंबईचे बरेच जण अजून हाँगकाँग, बँकॉक किंवा सिंगापूरमार्गे जातात. २० नोव्हेंबर २०२५ पासून आगमन कार्ड घरूनच ऑनलाइन भरता येतं. हॉटेलचं नाव आणि पत्ता चिनी लिपीतही जवळ ठेवा, पुढे टॅक्सीलाही उपयोगी पडतो. सीमेवर १४ ते ७० वयाच्या परदेशी प्रवाशांच्या बोटांचे ठसे घेतात. अर्जावेळी माफी मिळाली म्हणजे इथेही मिळते असं नाही.

पिशवीत काय आहे ते पाहा. ताजी फळं, भाज्या, बियाणं, मांस, अंडी, लोणी-चीज यांना बंदी आहे. मे महिन्यात तिथल्या नातेवाइकांसाठी हापूसची पेटी न्यायचा मोह होतो, पण ती कस्टम्सवरच राहील. भारताचा नकाशा असलेली पुस्तकं, डायऱ्या घरी ठेवा, सीमारेषांवरून जप्ती होते. ५,००० अमेरिकी डॉलरपेक्षा जास्त परकीय रोकड असेल तर जाहीर करावी लागते. नेहमीची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह.

आणि पॉवरबँक! २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत '३सी' ही चीनची सुरक्षा प्रमाणपत्राची खूण नसलेली पॉवरबँक चालत नाही. भारतात घेतलेल्यांवर बहुधा आपलीच बीआयएसची खूण असते. बीजिंगहून शिआनला विमानाने जाणार असाल तर ती सुरक्षा तपासणीतच काढून टाकावी लागेल. रेल्वेने हिंडणार असाल तर हा प्रश्न येत नाही.

तिथे राहताना

प्रत्येक परदेशी माणसाच्या मुक्कामाची पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेलात ती हॉटेलवालेच पासपोर्ट स्कॅन करून करतात. मित्राच्या किंवा भाच्याच्या घरी उतरलात, तर २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात यजमानासह जाऊन नोंद करायची. मुलांकडे राहायला जाणारे आपल्याकडचे ज्येष्ठ हमखास हेच विसरतात. सोळा वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीने पासपोर्ट जवळ बाळगावा असा कायदा आहे, आणि रेल्वे तिकीट, राजवाड्याचं तिकीट, सगळं त्याच क्रमांकावर निघतं.

मुक्काम वाढवायचा असेल तर मुदत संपायच्या किमान सात दिवस आधी स्थानिक पोलिसांच्या प्रवेश-निर्गमन कार्यालयात अर्ज करा. मुदत उलटून राहिलात तर दिवसाला ५०० युआन, जास्तीत जास्त १०,००० युआन दंड, किंवा ५ ते १५ दिवस कोठडी. विमान रद्द झालं, आजारी पडलात, तर मुदत संपायची वाट न पाहता कागद घेऊन त्याच कार्यालयात जा. १२३६७ हा तिथल्या इमिग्रेशनचा क्रमांक चोवीस तास चालतो आणि इंग्रजीत उत्तर देतो.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग बीजिंगचा भारतीय दूतावास किंवा शांघाय, ग्वांगझूचा वाणिज्य दूतावास. तिथून तात्पुरता प्रवास दाखला मिळाल्यावरही लगेच विमानात बसता येत नाही. हरवलेल्या पासपोर्टबरोबर व्हिसाही गेलेला असतो, म्हणून पोलिसांकडून बाहेर पडण्याचा नवा व्हिसा घ्यावा लागतो. पासपोर्टचं पहिलं पान, व्हिसा आणि प्रवेशाचा शिक्का यांचे फोटो घरच्यांना पाठवून ठेवलेले असतील, तर यातल्या प्रत्येक खिडकीवर काम लवकर होतं.