मिठाला पाणी सुटतं तेव्हा

आषाढात गगनबावड्याकडच्या कुठल्याही घरातलं फडताळ उघडून बघावं. मिठाच्या बरणीत तळाला पाणी सुटलेलं असतं. गुळाचा कागद चिकट होऊन ढेपेला डसलेला असतो. शेजारच्या डब्यातली साखर मात्र अजून चमच्यावरून सुटी घरंगळते. फळी एक, हवा एक, आणि तीन वस्तूंच्या तीन तऱ्हा.

पाण्यात विरघळणाऱ्या प्रत्येक पदार्थाची एक मर्यादा असते. हवेतली सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्षात किती टक्के आहे ते, तिच्यावर गेली की तो पदार्थ हवेतूनच पाणी ओढून स्वतःचं द्रावण करून घेतो. शुद्ध मिठाची ही मर्यादा ७५ टक्के, साखरेची ८५ टक्क्यांच्या आसपास, तर फळसाखरेची (फ्रुक्टोजची) ६२ टक्क्यांच्या आसपास. गुळात साखरेबरोबर थोडी फळसाखर असतेच. ऊस जुना झाला किंवा रस गुऱ्हाळात ताटकळून आंबला तर ती वाढते आणि असा गूळ पावसाळ्यात आधी चिघळतो. कोल्हापुरातले व्यापारी पावसाळ्यात गूळ शीतगृहात ठेवतात ते याचसाठी. या मर्यादांवरून घरातली आर्द्रता ओळखता येते, पण त्या परीक्षेला खडेमीठ चालत नाही. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते ७५ च्या बऱ्याच आधी ओलं होतं. साधं बारीक, पुडीतलं मीठ घ्यावं.

म्हणजे मिठाला पाणी सुटलंय आणि साखर सुटी आहे, तर त्या फडताळातली हवा ७५ ते ८५ च्या मध्ये. साखरही ओली झाली तर ८५ च्या पुढं. एवढं कशाला बघायचं? कारण ७५ ते ८० हाच बुरशीचा उंबरठा आहे. चामडं, मसाले, जुनी पुस्तकं यांना ७५ च्या आसपासच बुरा धरतो. भिंत, लाकूड, कापड यांना साधारण ८० लागते आणि वेळही लागतो. ८० टक्क्यांत काही आठवडे, ९५ टक्क्यांत दोन-चार दिवस.

कोल्हापूर जिल्ह्यात पाऊस किती ताणलेला आहे हे इथल्यांना सांगायला नको. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, शिरोळला पाचशेच्या घरात, आणि हे सगळं जेमतेम शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात. पण घरातली ओल मिलिमीटरवर ठरत नाही. ती ठरते एक घनमीटर हवेत किती ग्रॅम वाफ आहे आणि त्या तापमानाला किती मावते यावर. २२ अंशाला एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त १९.४ ग्रॅम वाफ मावते, २४ ला २१.८, २८ ला २७.२. हवा तापवली की तिची ‘भूक’ वाढते, एवढंच सूत्र. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

ओल घालवायला खिडक्या उघडा, हा सल्ला सगळीकडं मिळतो. तो मुळात थंड पावसाच्या देशांतला आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खेड्यात ऐन हिवाळ्यात महिनोन्‌महिने पाऊस असतो, पण बाहेर तापमान असतं पाच-आठ अंश. ७ अंशाची, ९० टक्के आर्द्रतेची हवा घेतली तर तिच्यात वाफ फक्त ७ ग्रॅम. ती घरात येऊन २० अंशाला तापली की आर्द्रता उतरते ३९ टक्क्यांवर. बाहेर धो-धो पाऊस आणि आत येणारी हवा कोरडी! तिथं खिडकी उघडणं हे खरंच औषध आहे, फक्त घर तापवायचा खर्च वाढतो.

तरण्या-म्हाताऱ्या पावसात आपल्याकडं बाहेर २२ अंश आणि ९७ टक्के असतात. म्हणजे १८.८ ग्रॅम. ही हवा २४ अंशाच्या खोलीत आली तरी ८६ टक्क्यांवरच राहते. कितीही वारं खेळवलं तरी मीठ ओलंच. तरीही खिडकी कायम बंद ठेवणं चूकच, कारण घरात तयार होणारी वाफ मग आतच कोंडते. स्वयंपाक आणि अंघोळ चालू असताना आणि नंतर पंधरा-वीस मिनिटं त्या खोलीची खिडकी उघडी ठेवून घराकडचं दार लावून घ्यावं. धुकं खिडकीतून आत शिरत असेल तेव्हा बाकीच्या खोल्या बंद ठेवाव्यात.

आता धुणं. पाच किलो सुती कपडे यंत्रात पिळून काढले तरी त्यांत तीनेक लिटर पाणी उरतं, हातानं पिळले तर त्याहून बरंच जास्त. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत ३४ घनमीटर हवा असते. २४ अंशाला ८६ टक्क्यांची हवा घनमीटरमागं आणखी ३ ग्रॅमच वाफ घेऊ शकते. तीन लिटर वाळवायचे तर खोलीतली सगळी हवा कमीत कमी २९ वेळा बदलायला हवी. तीच खोली २८ अंशाला नेली तर दहा वेळा पुरतं. पंख्यानं हवा फक्त हलते. ती बदलतही नाही, तापतही नाही. नुसत्या पंख्याखाली तीन दिवस टांगलेल्या पँटीला कुबट वास का येतो, तर वाळण्याआधी जिवाणूंना भरपूर वेळ मिळतो. म्हणून एकच छोटी खोली धुण्यासाठी ठरवावी, तीच तापवावी आणि तिची वरची झडप किंवा खिडकी चार बोटं उघडी ठेवावी. कपडे वलणीवर एकमेकांना न चिकटवता, मध्ये वीतभर जागा सोडून टाकावेत. न्हाणीत बंब पेटत असेल तर त्याच्या मागच्या भिंतीकडची जागा उत्तम, पण धूर बाहेर जायची वाट हवी. निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत कधीच ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जुन्या कौलारू घरात हे काम चूल आपसूक करायची. दिवसभर धग, तापलेली हवा वर माळ्यावर, तिथून कौलांच्या फटींतून बाहेर. माळ्यावर बियाण्याची कणसं, कांदे, दोन दिवसांचं जळण आणि कडेला शेणी. सततच्या ९५ टक्के हवेत आडोशाला ठेवलेलं लाकूडसुद्धा वजनाच्या वीस-चोवीस टक्के पाणी धरून बसतं, म्हणून पेटवायच्या आधी ते उबेत ठेवावंच लागतं. चूल गेली, गॅस आला, कौलं जाऊन स्लॅब पडला. गॅस जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. एक किलो गॅसमागं सुमारे १.६ किलो. १४.२ किलोची टाकी संपेपर्यंत बावीसेक लिटर पाणी वाफ होऊन स्वयंपाकघरात आलेलं असतं, भाताच्या पेजेची वाफ वेगळीच. धुरानं होणारं डोळ्यांचं, छातीचं नुकसान पाहता चुलीकडं परत जा असं कुणी शहाणा सांगणार नाही. मात्र शेगडीच्या वर बाहेर फेकणारा पंखा पाहिजे. आतल्या आत हवा फिरवणारी, नुसती जाळी लावलेली चिमणी वास आणि तेल धरते, पाणी धरत नाही.

भिंतीची ओल ही निराळी तक्रार, आणि तिथं पैसे हमखास चुकीच्या जागी जातात. ओल तीन वाटांनी येते. जमिनीतून वर चढते, पश्चिमेच्या वाऱ्यानं मारलेला पाऊस आत झिरपतो, किंवा घरातलीच वाफ गार भिंतीवर दवासारखी जमते. ओळखायला एक चौरस फूट प्लॅस्टिक किंवा ॲल्युमिनियमचा कागद घ्यावा, भिंत फडक्यानं पुसावी, कागद चारी कडांनी चिकटपट्टीनं घट्ट लावावा आणि दोन दिवस थांबावं. पाणी कागदाच्या खोलीकडच्या बाजूला दिसलं तर वाफेची ओल, भिंतीकडच्या बाजूला दिसलं तर ओल भिंतीतून येतेय. जमिनीलगत हात-दीड हात उंचीपर्यंतच पट्टा असेल आणि त्यावर पांढरा लोणा फुटत असेल तर पाणी खालून चढतंय, जोत्यावरचा ओलरोधक थर नाही किंवा अंगणाची भर त्याच्याही वर गेलीय. लोणा म्हणजेही क्षारच. पावसाळ्यात तो हवेतलं पाणी ओढतो, म्हणून मूळ कारण बंद झालं तरी ती जागा ओलसर राहते. लोणा पाण्यानं धुवू नये, क्षार परत आत मुरतात. कोरड्या ब्रशनं झाडून उचलून टाकावा.

पश्चिमेची भिंत ओली होत असेल तर आधी छज्जा बघावा. पाणी छज्ज्याच्या खालच्या अंगाला चिकटून भिंतीपर्यंत सरकत येतं. तिथं कडेपासून दोन इंच आत बोटभर रुंदीची खाच असली की थेंब तिथंच सुटून पडतो. वाडवडलांच्या घरांची वळचण तीन-तीन फूट बाहेर असायची. हल्लीच्या नकाशात ती खर्चात कापली जाते, आणि मग त्याच्या दुप्पट पैसा रंगात जातो.

मातीच्या किंवा जांभ्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करणं ही आणखी एक महागडी चूक. अशी भिंत ओल घेते तशी सोडतेही. सिमेंटनं सोडायची वाट अडते, पाणी आत कोंडतं आणि पोपडे सुटतात. तिला चुनाच बरा. ताज्या कळीच्या चुन्यासाठी किलोमागं पाच लिटर पाण्याचा हिशेब ठेवावा. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग थोडा थोडा चुना. उलटं केलं तर उकळून अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा हवाच. चोवीस तास ठेवून जाड फडक्यानं गाळावा आणि दहा लिटरला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालावा. पातळ तीन हात, प्रत्येक वाळल्यावर पुढचा. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशी टिकत नाही. साध्या डिस्टेंपरमधला चिकट पदार्थ तर तिचं खाद्यच. आधी धरलेली बुरशी मात्र कोरडी झाडू नये, बीजाणू घरभर होतात. ओल्या फडक्यानं पुसावी, आणि ते फडकं फेकून द्यावं.

मिठाचा ७५ चा आकडा आणखी दोन ठिकाणी उपयोगी पडतो. पहिलं, आर्द्रतामापक तपासायला. काट्याचा असो वा आकड्यांचा, तो पाच-दहा टक्के चुकणं नवल नाही. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन पाण्याचे चार-पाच थेंब टाकावेत, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे. पाणी वर तरंगलं तर जास्त झालं. झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत किंवा डब्यात ठेवून बारा तासांनी आकडा बघावा. ७५ ऐवजी ८१ दिसला तर मापक ६ जास्त दाखवतो, तेवढे वजा करत जावं.

दुसरं, धान्य. साठवायच्या भातात १३-१४ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी नसावं, बियाण्यात १२. काचेची बरणी आणि मीठ आधी कडकडीत कोरडं करून घ्यावं. बरणीत तीन चमचे मीठ, तिसरा हिस्सा धान्य, झाकण लावून मिनिटभर हलवावं आणि पंधरा मिनिटं ठेवावं. काचेला मीठ चिकटलं तर धान्यातलं पाणी १५ टक्क्यांच्या वर आहे, पोत्यात भरू नये. धान्यातून सुटणारी वाफ बरणीतली हवा ७५ च्या वर नेते, म्हणून मीठ ओलं होतं. आजऱ्याचा घनसाळ असो की साधं भात, परीक्षा तीच. मीठ चिकटलं नाही म्हणजे १२ वर आलं असं मात्र नाही, बियाण्याला आणखी ऊन द्यावं.

ट्रंकेत टाकायच्या सिलिका जेलच्या पुड्यांवर फार भिस्त नको. ६५ टक्के आर्द्रतेलाही दहा किलो सुती कपडे आठेकशे ग्रॅम पाणी धरून असतात, ९५ ला त्याच्या दुपटीच्या आसपास. पाच ग्रॅमच्या पुडीनं त्यांचं काय होणार? मे महिन्याच्या उन्हात वाळवून, गार करून, रबराची कड असलेल्या डब्यात बंद केले तर पुडी नसली तरी चालतं. रेशमी साड्या, कागदपत्रं आणि कोल्हापुरी चपलांनाही हेच लागू. चपला भिजल्याच तर चुलीशी न ठेवता सावलीत वाळवाव्यात आणि थोड्या ओलसर असतानाच एरंडेल चोळावं.

ओल्या भिंतीतल्या सॉकेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते आजचं काम, उद्याचं नाही. मुख्य स्विच बंद करून वायरमन बोलवावा. वीज गळू लागली की ३० मिलिअँपिअरला पुरवठा तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, नसेल तर बसवून घ्यावा, आणि महिन्यातून एकदा त्याचं चाचणीचं बटण दाबून तो खरंच पडतो का ते बघावं.

पाऊस सरला की रंगाची घाई सुरू होते, कारण दिवाळी तोंडावर असते. भिंत वाळायचा जुना ठोकताळा जाडीच्या दर इंचाला एक महिना असा आहे. आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात तो थोडा कमी धरला तरी नऊ इंची भिजलेली भिंत दिवाळीला आतून ओलीच असते, आणि तिच्यावर मारलेला ऑइलपेंट पुढच्या मृगाआधीच फुगतो. दिवाळीला चुन्याचा एक हात मारून घ्यावा. फेब्रुवारीत तोच कागदाचा तुकडा पुन्हा भिंतीला चिकटवावा, दोन दिवसांनी मागची बाजू कोरडी निघाली तर रंगारी बोलवावा.