मोठा आरसी ट्रक पहिल्यांदा चालवताना

नवीन ग्राहकांसाठी माहितीपत्रक. आरसी म्हणजे रिमोट कंट्रोलवर चालणारा. ट्रक मैदानात उतरवण्याआधी एकदा पूर्ण वाचा.

आमच्या दुकानात मोठ्या ट्रकचं खोकं उघडलं की माणूस आधी दोन पावलं मागे सरकतो, आणि मग ट्रक एका हाताने उचलायला जातो. एका हाताने तो उचलत नाही. सगळ्यात जास्त विचारणा होते त्या ट्रॅक्सस कंपनीच्या एक्स-मॅक्स ट्रकचंच माप घ्या: लांबी 779 मिलिमीटर, रुंदी 540, वजन 8.66 किलो. दोन बॅटऱ्या बसवल्या की हे वजन दहा किलोच्या आसपास जातं. दोन बर्नरच्या शेगडीपेक्षा मोठी वस्तू आहे ही, आणि कंपनी तिचा वेग ताशी 80 किलोमीटरच्या वर सांगते. पत्रकात पुढे जे काही लिहिलंय ते वजन आणि वेग या दोन आकड्यांमुळे.

दुकान मी आणि माझा धाकटा भाऊ चालवतो. मोठा ट्रक घेणाऱ्या प्रत्येकाबरोबर आमच्यापैकी एक जण पहिल्या दिवशी मैदानावर येतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. ज्यांना ते जमत नाही, किंवा जे बाहेरगावी ट्रक नेतात, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

हातात रिमोट घेतल्यावर

रिमोट पिस्तुलासारखा असतो. डाव्या हाताने मूठ धरायची, डावी तर्जनी ट्रिगरवर आणि उजव्या हाताने बाजूचं छोटं चाक फिरवायचं. ट्रिगर आपल्याकडे ओढला की गाडी पुढे जाते. पुढे ढकलला की ब्रेक. ब्रेक लागून गाडी थांबली, ट्रिगर सोडला आणि पुन्हा ढकलला, की गाडी मागे येते. ब्रेक आणि रिव्हर्स एकाच दिशेला आहेत हे पहिल्या दिवशी लक्षात राहत नाही, म्हणून घरीच ट्रकचा पोटाकडचा भाग एखाद्या भक्कम खोक्यावर टेकवा, चारही चाकं अधांतरी ठेवा आणि अगदी हलका ट्रिगर देऊन पाच मिनिटं सराव करा. अधांतरी चाकांवर पूर्ण ट्रिगर मात्र कधीच देऊ नका. टायर केंद्रापासून बाहेर ताणले जाऊन भाकरीसारखे फुगतात आणि रिमवरून सुटू शकतात. बोटं, ओढणी, मोकळे केस चाकांपासून लांब.

सुरू करताना आधी रिमोट, मग ट्रक. बंद करताना आधी ट्रक, मग रिमोट. हा क्रम उलटा झाला तर ट्रकचा पॉवर चालू राहतो आणि हुकूम देणारं कोणी राहत नाही. सिग्नल तुटला की थांबण्याची सोय हल्लीच्या गाड्यांत असते, पण ती चालते की नाही हे पहिल्याच दिवशी, चाकं अधांतरी ठेवून तपासून घ्या: हलका ट्रिगर दाबलेला असताना रिमोट बंद करा, चाकं थांबली पाहिजेत.

पहिल्यांदा भरलेली बॅटरी संपेपर्यंत ट्रेनिंग मोड लावा. त्यात ट्रिगरची ताकद निम्म्यावर येते. ही गोष्ट मुलांपेक्षा मोठ्या माणसांना पटवायला जास्त वेळ लागतो. "मी वीस वर्षं कार चालवतोय" असं सांगणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एवढंच सांगतो, की कारमध्ये तुम्ही आत बसलेले असता.

गाडी समोरून येते तेव्हा

सगळ्या अपघातांचं मूळ इथे आहे. ट्रक तुमच्यापासून लांब जात असतो तेव्हा डावं म्हणजे डावं. वळून तुमच्याकडे यायला लागला की तुमचं डावं हे त्याचं उजवं होतं. डोक्याला हे समजतं, बोटांना समजत नाही. पहिल्या दिवशी हात चुकीकडे वळतो, ट्रक अजून जवळ येतो, घाबरून बोटं आवळली जातात, आणि आवळलेली तर्जनी म्हणजे पूर्ण वेग.

माझा पहिला मोठा ट्रक मी स्वतःच्या नडगीवर घातला. बंपर पॅंटवर आदळला, आत कातडी फाटली आणि दोन टाके पडले. त्या दिवशी मी चपलेवर होतो आणि मैदानाच्या मधोमध उभा होतो. दोन्ही चुका. तेव्हापासून आमचा नियम असा: बूट घालायचे, मैदानाच्या कडेला एखादं झाड, कट्टा किंवा उभी ठेवलेली स्वतःची गाडी यांच्यामागे उभं राहायचं, आणि शंका आली की वळवायचा प्रयत्न न करता बोट सोडून द्यायचं. बोट सोडलं की ट्रक मंदावतो. हा एकच हुकूम हातात मुरेपर्यंत बाकी काही शिकू नका.

उलटं वळण शिकायची आमची पद्धत साधी आहे. पंधरा-वीस पावलांच्या अंतरावर दोन विटा ठेवा आणि त्यांच्याभोवती चालण्याच्या वेगाने इंग्रजी आठचा आकडा काढत राहा. पहिल्या बॅटरीत बरेच जण विटा उडवतात. दुसरी बॅटरी संपताना हात आपोआप वळायला लागतो. गेल्या वर्षी नववीतला एक मुलगा आजोबांबरोबर आला होता. मुलाने दोनदा वीट उडवली, आजोबांनी एकदाही नाही. ते म्हणाले, "ट्रॉली लावून ट्रॅक्टर मागे घेतलाय रे आयुष्यभर, तिथंही चाक उलटंच फिरवायचं असतं." रिमोट त्यांच्या हातून परत मिळायला नातवाला अर्धा तास थांबावं लागलं.

वेगाचा हिशोब

ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर. क्रिकेटची खेळपट्टी स्टंपपासून स्टंपपर्यंत 20 मीटरची असते. म्हणजे एका सेकंदात ट्रक पूर्ण खेळपट्टी ओलांडून पुढे जातो. तुम्हाला काहीतरी चुकलंय हे कळून बोट हलेपर्यंत तो पाच-सहा मीटर गेलेला असतो.

या वेगातला दहा किलोचा ट्रक आदळला तर किती जोर बसेल? दहा किलोची पिठाची गोणी 25 मीटरवरून, म्हणजे साधारण आठव्या मजल्यावरून पडावी तेवढा. आता वेग निम्मा करा, ताशी 40. जोर निम्मा होत नाही, चौथा हिस्सा राहतो. तीच गोणी दुसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखी. ट्रेनिंग मोडचा आग्रह आम्ही का धरतो ते यावरून कळावं. आणि दुसऱ्या मजल्यावरून पडणारी गोणीसुद्धा कोणाच्या अंगावर पडता कामा नये. म्हणून सोसायटीचं पार्किंग नाही, रस्ता नाही, संध्याकाळी मुलं खेळत असलेलं मैदान तर नाहीच. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या हातात रिमोट असेल तर शेजारी मोठं माणूस उभं हवं, ही आमच्या दुकानाची अट आहे आणि विक्रीच्या वेळी आम्ही ती बोलून दाखवतो.

आणखी एक फसवी गोष्ट. मोठा ट्रक लांबून हळू वाटतो. छोटी गाडी चिलटासारखी इकडेतिकडे पळते, हा मात्र संथ, वजनदार, खऱ्या ट्रकसारखा झोके घेत जातो. त्यामुळे आपण आणखी ट्रिगर देतो. साठ-सत्तर मीटरवर गेल्यावर त्याचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे हेच दिसेनासं होतं. बॉडीचा रंग निवडताना हे लक्षात ठेवा. काळ्या मातीत काळी बॉडी आणि श्रावणातल्या गवतात हिरवी बॉडी हरवते. नारिंगी किंवा पिवळी घ्या, टपाच्या पुढच्या भागावर वेगळ्या रंगाची पट्टी चिकटवा.

जमीन कोणती हवी

मुरूम सगळ्यात उत्तम. चाकं थोडी घसरतात, वळताना मागचा भाग मोकळा होतो आणि कुठल्याच भागावर एकदम ताण येत नाही. खरं सांगायचं तर या ट्रकचा पहिला आनंद मुरमावरच आहे: मोटरचा चढत जाणारा सूर, मागच्या चाकांतून उडणारा खड्यांचा फवारा, आणि जवळून गेला तर पायाखाली जाणवणारी धडधड. डांबरावर चाकं घट्ट पकडतात आणि वेगात वळलं की ट्रक सरळ कोलांटी घेतो. सिमेंटवर तेच.

काळी माती उन्हाळ्यात चालते, पावसानंतर नाही. ती चाकांना थापली जाते, एकेका चाकाचं वजन वाढत जातं आणि मोटर तापते. कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात धसकटं असतात. ती खालून घुसून सस्पेन्शनच्या आर्ममध्ये अडकतात. उंच गवतही टाळा, ते धुऱ्याला सुतासारखं गुंडाळलं जातं आणि बेअरिंगपर्यंत पोहोचतं.

टायरमध्ये हवा किती भरायची, हे आम्हाला जवळपास रोज विचारतात. भरायची नसते. आत फोम असतो आणि टायरला किंवा रिमला भोकं असतात. बाभळीचा काटा लागला तरी पंक्चर होत नाही. मात्र पाण्यातून गेलात तर त्याच भोकांतून पाणी आत शिरतं आणि फोम ते धरून ठेवतो, म्हणून घरी आल्यावर चाकं काढून ते पाणी निथळू द्या.

ट्रक उलटा पडला तर धावत जाऊ नका. एक्स-मॅक्समध्ये रिमोटच्या बटणावर तो पुढेमागे झोके घेत स्वतः उभा राहतो. ज्यात ही सोय नाही, तिथे चालत जायचं, रिमोटच्या ट्रिगरवरचं बोट काढून.

उडी

पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मातीच्या छोट्या उंचवट्यावरून घ्या. हवेत असताना ट्रिगर दिला की नाक वर उठतं, ब्रेक दिला की नाक खाली जातं. फिरणाऱ्या चाकांचा वेग बदलला की बाकीचा ट्रक त्याच्या उलट दिशेला वळू बघतो, म्हणून हे होतं. चारही चाकं एकदम टेकवायची. टेकताना ट्रिगर पूर्ण दाबलेला नको, हवेत भरधाव फिरणाऱ्या चाकांना जमीन एकदम अडवते आणि तो झटका गिअर आणि धुऱ्यावर जातो. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मोडक्या धुऱ्यांचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

बॅटरी

हा भाग दोनदा वाचा. ट्रक मोडला तर पार्ट मिळतात, लिथियम पॉलिमर बॅटरी पेटली तर घर जातं.

या ट्रकला चार-चार सेलच्या दोन बॅटऱ्या लागतात. एक सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट असतो, म्हणजे दोन्ही मिळून 33.6 व्होल्ट. जोडी नेहमी एकाच कंपनीची, एकाच क्षमतेची, एकाच वेळी घेतलेली हवी. दोन्ही एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एक जुनी असेल तर ती आधी रिकामी होते आणि नवी तिला तसंच ओढत नेते. आम्ही विकतानाच मार्करने 1अ, 1ब असं लिहून देतो. ते पुसू नका.

चार्जिंग बॅलन्स चार्जरवरच करा, म्हणजे सगळे सेल सारखे भरणाऱ्या चार्जरवर. 5000 एमएएच (मिलिअँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) असलेल्या बॅटरीला 5 अँपिअरच्या वर जाऊ नका. फरशीवर ठेवून, माणूस जागा असताना. गादीवर, सोफ्यावर किंवा रात्री झोपताना लावून अजिबात नाही. मैदानावरून आल्यावर बॅटरी गरम असते, ती गार होऊ द्या, मग लावा. आठवडाभर चालवायचं नसेल तर चार्जरचा स्टोरेज मोड वापरा, तो प्रत्येक सेल 3.8 व्होल्टच्या आसपास आणून ठेवतो. पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. मे महिन्यात बंद कारमध्ये बॅटरी ठेवू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

बॅटरी फुगली, दाबली गेली किंवा गोडसर वास यायला लागला की तिचं काम संपलं. तिला टाचणी लावायची नाही, चार्ज करायची नाही, घंटागाडीत टाकायची नाही. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती बाकीच्या कचऱ्यापासून वेगळीच द्यावी लागते. आमच्याकडे आणून द्या, कुठूनही घेतलेली असली तरी. वाळूच्या बादलीत ठेवून आणा.

परदेशातून आणलेला ट्रक

अमेरिकेतल्या मुलाने किंवा भावाने ट्रक आणला, असे ग्राहक आमच्याकडे बरेच येतात. आधी चार्जरच्या मागचा मजकूर वाचा. तिथे 100 ते 240 व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिन बदला. नुसतं 110 किंवा 120 असेल तर आपल्या 230 च्या बोर्डात लावू नका. आणणाऱ्यालाही आधीच सांगून ठेवा: सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच आणाव्या लागतात, आणि 100 वॉट-अवरच्या वर गेल्यास विमान कंपनीची परवानगी लागते. चार सेल, 6700 एमएएच ही बॅटरी 99 वॉट-अवरची होते, थोडक्यात बसते. रिमोटसाठी वेगळा परवाना लागत नाही, 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात विनापरवाना आहे.

मैदानावर येण्यासाठी

शनिवारी आणि रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ, ऊन चढायच्या आत. आदल्या दिवशी दुकानात सांगून ठेवा. बूट घाला, पाण्याची बाटली आणा, बॅटऱ्या आदल्या संध्याकाळी भरून ठेवा. पहिली बॅटरी संपली की आम्ही मोटरला हात लावून बघायला सांगतो: बोट तीन सेकंदही टेकवता आलं नाही तर वीस मिनिटं थांबायचं. त्या वीस मिनिटांत चाकांचे नट, पिनियनचा (मोटरवरच्या छोट्या गिअरचा) स्क्रू आणि शॉकच्या (धक्के शोषणाऱ्या नळ्यांच्या) टोप्या कशा तपासायच्या ते माझा भाऊ दाखवतो. विटा आमच्याकडे आहेत.