'बझोडी' पाहायला येण्याआधी
आमच्या प्रेक्षकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. सोसायट्यांच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावून सिनेमे दाखवण्याचं आमचं काम तुमच्या ओळखीचं आहे. या खेपेला कॅरिबियनमधल्या त्रिनिदादचा एक संगीतमय प्रेमपट आणतो आहोत: २०१६ साली आलेला, टॉड केसलर दिग्दर्शित 'बझोडी'. नायक मशेल मॉन्टानो हा तिथला खराखुरा सोका गायक (सोका म्हणजे त्रिनिदादचं नाचायला लावणारं संगीत). लहानपणापासून मंचावर गाणारा, आणि कार्निव्हलमध्ये अनेकदा बाजी मारलेला.

गोष्ट ओळखीची वाटेल. कर्जात बुडालेला भारतीय वंशाचा व्यापारी (कबीर बेदी), लंडनच्या श्रीमंत स्थळाशी ठरलेलं त्याच्या मुलीचं लग्न, आणि ऐन वेळी तिला भेटलेला एक गायक. हा गायक आफ्रिकी वंशाचा. अशा गोष्टी हिंदी सिनेमानं आपल्याला पुष्कळ दाखवल्यात. म्हणून आमची विनंती आहे, की या सिनेमात तालाकडे कान ठेवा. पडद्यावर या दोघांचं जे जुळतं, ते त्रिनिदादच्या संगीतात १९७० च्या दशकातच जुळलेलं आहे.

ते कसं, हे थोडं सविस्तर सांगायला हवं. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' जहाजातून पहिले भारतीय करारबद्ध मजूर त्रिनिदादला उतरले. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४० हजार लोक तिथे गेले. बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून, भोजपुरी बोलणारे. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, त्यासाठी ही भरती. आज त्या देशात भारतीय आणि आफ्रिकी वंशाचे लोक जवळपास सारख्याच संख्येनं आहेत. दक्षिण त्रिनिदादच्या उसाच्या पट्ट्यात, भारतीय शेजाऱ्यांमध्ये वाढलेला लॉर्ड शॉर्टी हा कॅलिप्सो, म्हणजे त्रिनिदादची पारंपरिक गाणी, गाणारा गायक. त्यानं कॅलिप्सोच्या चालीत ढोलक आणि धंताल घातला. धंताल म्हणजे लांब पोलादी सळई, तिच्यावर नालेसारख्या लोखंडी तुकड्यानं ठोका धरायचा. या मिश्रणातून जो नवा बाज उभा राहिला तोच सोका. गाणं वेग घेईल तेव्हा खालचा ठेका ऐका, तुमच्या बोटांना तो आपोआप सापडेल.

ताशाही तिथे आहे. गणपतीत वाजतो त्याच कुळातला. त्रिनिदादमध्ये तो लग्नांत आणि मुहर्रमच्या 'होसे'त वाजतो. जुन्या पद्धतीच्या ताशाचं भांडं मातीचं आणि पान बकऱ्याच्या कातड्याचं. वाजवण्याआधी शेकोटी पेटवून ते पान शेकतात, तेव्हा ते ताणलं जाऊन टणत्कार देतं. आपल्या पथकांत प्लॅस्टिकचं पान आलं, त्यामुळे ही शेकोटी इथे फारशी दिसत नाही.

कार्निव्हलविषयी थोडक्यात. ॲश वेन्सडेच्या आधीचे सोमवार आणि मंगळवार हे त्याचे मुख्य दिवस. गोव्याचा कार्निव्हाल शनिवारी सुरू होऊन त्याच मंगळवारी संपतो, कारण दोन्हीकडे पुढे ख्रिस्ती उपवासकाळ लागतो. सोमवारी पहाट फुटायच्या आधी 'जूव्हे' सुरू होतो. लोक अंगाला चिखल, रंग, तेल फासून पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर उतरतात. मंगळवारी पिसं आणि मणी लावलेले पोशाख घालून मोठमोठे गट निघतात. पण हा सण केवळ मौजेचा नाही. १८८१ मध्ये पोलिसांनी मिरवणूक दडपायचा प्रयत्न केला आणि गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या मुलानातवंडांनी रस्त्यावर झुंज दिली. पुढे ढोलांवर बंदी आली, म्हणून लोकांनी बांबू आपटून ताल धरला, आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून पत्र्याचे डबे, पिंपं ठोकून सूर काढले. आज स्टीलपॅन हे वाद्य बनवताना तेलाच्या पिंपाचा तळ घणानं वाटीसारखा खोल करतात, त्यावर सुरांच्या जागा उठवतात, आच देतात, आणि शेवटी छोट्या हातोडीनं एकेक सूर लावतात. माणसाला गप्प बसवायला निघालेल्या कायद्याला मिळालेलं याहून सुंदर उत्तर आम्हाला माहीत नाही.

क्रिकेटप्रेमींसाठी एक गोष्ट राहून जायला नको. सुनील गावसकरांनी १९७१ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पदार्पणाच्या मालिकेत ७७४ धावा केल्या. त्यांची स्वतःची पहिली कसोटी पोर्ट ऑफ स्पेनलाच. त्या मालिकेवर लॉर्ड रिलेटर या त्रिनिदादच्या गायकानं कॅलिप्सो रचला. हरलेल्या संघाच्या देशात, जिंकून देणाऱ्या मुंबईकराचं कौतुक! कॅलिप्सोत ताज्या घडामोडींवर गाणं ही तिथली जुनी रीत आहे.

आता कामाचं. संवाद त्रिनिदादी इंग्रजीत आहेत, बोलणं भरभर आणि हेल वेगळा. पहिली दहा मिनिटं जड जातील, मग कान बसतो. मुलांना आणणार असाल तर कार्निव्हलचे पोशाख तोकडे असतात आणि नाचात कंबर मुक्तपणे हलते, हे आधी सांगून ठेवतो. तिथे आजीही असाच नाच करते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. सोकाचा खालचा सूर नेहमीच्या स्पीकरवर हरवतो, म्हणून या शोला जास्तीचा सबवूफर लावणार आहोत. ज्यांना आवाजाचा त्रास होतो त्यांनी मागच्या रांगा धराव्यात.

मध्यांतरात 'डबल्स' मिळतील: हळद घातलेले दोन मऊ 'बारा' (तळलेल्या पुरीसारखे), मध्ये चण्याची रस्सेदार भाजी, वर चिंचेची चटणी आणि काकडी. तिखट कमी हवं असेल तर त्रिनिदादच्या गाडीवर सांगतात तसं नुसतं 'स्लाइट' म्हणा, आमची मुलं समजतील. शेवटच्या गाण्याआधी पुढच्या दोन रांगांच्या खुर्च्या उचलणार आहोत, ज्यांना नाचायचं आहे त्यांनी पुढे यावं.