कॅल्शियम वाढलं की रेनिन थांबतं

स्राव करणाऱ्या बहुतेक पेशींचा नियम एकच: आत कॅल्शियम वाढलं की साठवलेला माल बाहेर पडतो. स्वादुपिंडातून इन्सुलिन असंच सुटतं, मज्जातंतूंच्या टोकांतून रासायनिक संदेशही असेच सुटतात. मूत्रपिंडातल्या रेनिन हे रक्तदाब वाढवणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मात्र या नियमाला जुमानत नाहीत. त्यांच्यात कॅल्शियम वाढलं की स्राव चक्क घटतो. असं उलटं वागणाऱ्या पेशी शरीरात फार थोड्या आहेत. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हे त्यातलं दुसरं ठळक उदाहरण.

रेनिनचा शोध १८९८ सालचा. टिगरस्टेट आणि बर्गमन या शास्त्रज्ञांनी स्टॉकहोममध्ये सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला आणि त्यांचा रक्तदाब चढला. काटेकोरपणे पाहिलं तर रेनिन हे विकर (एन्झाइम) आहे. यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचा ते तुकडा पाडतं, त्यापासून पुढे अँजिओटेन्सिन-२ तयार होतं आणि ते रक्तवाहिन्या आवळतं. तरी सगळी साखळी रेनिनपासूनच सुरू होते, म्हणून त्याला संप्रेरकांच्या पंगतीत बसवतात आणि त्यात फारसं बिघडत नाही.

या पेशींचा पत्ता पाहिला की उलटेपणाचा अर्थ लागतो. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणाऱ्या बारीक धमनीच्या भिंतीतच त्या असतात. मुळात त्या स्नायुपेशीच, फक्त काम बदललेल्या. रक्तदाब वाढला की भिंत ताणली जाते, पेशींत कॅल्शियम शिरतं आणि रेनिन थांबतं. दाब वाढलेला असताना तो आणखी वाढवणारं रसायन सोडण्यात शहाणपण नाहीच. अँजिओटेन्सिन-२ सुद्धा या पेशींतलं कॅल्शियम वाढवतं, म्हणजे साखळीचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला लगाम घालतं. आतला मामला सायक्लिक एएमपी या रेणूचा आहे. तो वाढला की रेनिन सुटतं. कॅल्शियम त्याची निर्मिती रोखतं, शिवाय तो मोडणाऱ्या एका विकराला चालनाही देतं.

आता पोटॅशियम. पेशीच्या आत ते लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल असतं, बाहेर जेमतेम ४. या तफावतीमुळेच पेशीचं आवरण आतून ऋणभारित राहतं. प्रयोगशाळेत मूत्रपिंडाचे पातळ काप द्रावणात ठेवून त्यातलं पोटॅशियम ६० मिलिमोलपर्यंत नेलं, तर ही तफावत कोसळते, आवरणातल्या कॅल्शियमच्या वाटा उघडतात आणि द्रावणात उतरणारं रेनिन कमी होतं. द्रावणातलं कॅल्शियम काढून घेतलं, की तेच पोटॅशियम रेनिनला रोखू शकत नाही. म्हणजे पोटॅशियम नुसतं दार उघडतं, काम करतं ते कॅल्शियम.

प्रयोग देखणा आहे, पण तो जसाच्या तसा शरीराला लावू नये. रक्तात पोटॅशियम ७ मिलिमोलवर गेलं तरी हृदयाच्या ठोक्यांना धोका असतो, मग ६० ची बातच नको. जिवंत शरीरात पोटॅशियमची वाट बरीचशी आडवळणाची आहे. ते वाढलं की मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांच्या सुरुवातीच्या भागात मीठ कमी शोषलं जातं, पुढे जास्त मीठ पोहोचतं आणि तिथल्या मीठ जोखणाऱ्या पेशी रेनिनला आवर घालतात.

खरी गंमत मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीत आहे. तिथे पोटॅशियम किंचित वाढलं तरी पेशींत कॅल्शियम शिरतं आणि नेहमीच्या नियमाने अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक बाहेर पडतं, जे जादा पोटॅशियम लघवीवाटे घालवतं. एकच पोटॅशियम, एकच कॅल्शियम. पण रेनिन खाली आणि अल्डोस्टेरॉन वर. त्यामुळे रक्तवाहिन्या विनाकारण न आवळता पोटॅशियम बाहेर काढता येतं.

अल्डोस्टेरॉनला दुसरा हुकूम अँजिओटेन्सिन-२ कडून मिळतो. रक्तदाबाच्या एनालाप्रिल, रामिप्रिलसारख्या गोळ्या नेमकी हीच साखळी तोडतात. अल्डोस्टेरॉन घटतं आणि पोटॅशियम साचू शकतं, विशेषतः मूत्रपिंडं आधीच कमजोर असतील तर. अशा गोळ्या सुरू केल्यावर काही दिवसांनी डॉक्टर रक्तातलं पोटॅशियम तपासायला सांगतात, ते यासाठीच.