हवेचे अंतर्कीलन (मानेतील नळीमुळे होणारे)

मानेतील, गळ्याच्या हाडाखालील किंवा जांघेतील मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवाटे हवा रक्तात शिरणे व तिने रक्ताची वाट अडवणे. दवाखान्यात या नळीला सेंट्रल लाइन म्हणतात. विदर्भाच्या खेड्यांत ती बहुधा डायलिसिसच्या रुग्णाच्या मानेत दिसते, किंवा फवारणीच्या विषबाधेने आयसीयूत पोचलेल्या शेतकऱ्याच्या.

हाताला लावलेल्या सलाईनमधल्या एखाद्या बुडबुड्याने नातेवाईक घाबरतात. तो बहुधा निरुपद्रवी असतो. खरी भीती मानेतल्या नळीची. माणूस बसलेला असला की ही शीर हृदयाच्या वर येते, आणि खोल श्वासाबरोबर तिच्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. नळीचे तोंड उघडे राहिले की ती हवा ओढते. अंगातले पाणी कमी झालेल्या रुग्णात ही ओढ वाढते. १४ गेजच्या (जाड) सुईतून, दाबात पाण्याच्या अवघ्या ५ सेंमीचा फरक असला तरी, सेकंदाला सुमारे १०० मिली हवा जाऊ शकते. २०० ते ३०० मिली हवा एकदम गेली तर जीव जाऊ शकतो. हृदयाच्या उजव्या कप्प्यात रक्ताचा फेस होतो आणि फुप्फुसाकडे रक्त जाईनासे होते. एकाएकी धाप, खोकला, छातीत दुखणे, बीपी घसरणे ही लक्षणे. सुमारे चौघांत एकाच्या हृदयाच्या पडद्यात जन्मापासूनची फट उरलेली असते. तिच्यातून हवा मेंदूकडे गेली तर लकवा होतो.

असे झाल्यास नळी तत्काळ चिमटावी, रुग्णाला डाव्या कुशीवर, डोके खाली करून निजवावे व पूर्ण ऑक्सिजन द्यावा. कुशीवर निजवण्याचा हा उपाय अमेरिकी डॉक्टर ड्युरंट यांनी १९४७ मध्ये मांडला.

धोका नळी घालतानाच असतो हा गैरसमज आहे. डायलिसिसच्या नळीला लाल व निळी अशी दोन टोके असतात, प्रत्येकाला चिमटा आणि टोपी. एसटीच्या गर्दीत दुपट्ट्यात अडकून टोपी निघाली, तर बंद चिमटाच रुग्णाला वाचवतो. म्हणून निघण्यापूर्वी दोन्ही चिमटे घरच्या माणसाला दाखवून द्यावेत. नळी काढतानाही रुग्णाला बसवू नये. आडवे निजवून, श्वास सोडायला लावून ती ओढावी, भोक दाबून धरावे, वर हवाबंद पट्टी लावावी. त्यानंतर अर्धा तास पडून राहायचे असते, आणि गावाची शेवटची गाडी गाठायची म्हणून नेमका तोच चुकवला जातो. पट्टी किमान २४ तास काढू नये: रक्त थांबले तरी कातडीपासून शिरेपर्यंतचा बोळ उघडा असू शकतो.