पाय उचलला आणि गाडी मागून सरकली

ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन असतात. एक डाव्या मागच्या चाकाचं, दुसरं उजव्या. नांगरताना बांधाशी आलं की चालक स्टिअरिंग फिरवतो आणि त्याच बाजूचं पेडल दाबतो. ते चाक अडतं, पलीकडचं फिरत राहतं आणि ट्रॅक्टर हातभर जागेत वळतो. डांबरी रस्त्याला लागण्याआधी मात्र दोन्ही पेडलं एकमेकांना जोडून टाकायची, कारण वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर उलटू शकतो.

मोटारीतलं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी, नेमकं हेच काम भर वेगात करतं. वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जात असेल, तर बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक क्षणभर धरायचं. गाडी वळायला तयारच नसेल, नाक सरळ दरीकडे चाललं असेल, तर आतल्या बाजूचं मागचं चाक धरायचं. चालकाला चार चाकांसाठी चार पेडलं दिली तरी हे जमणार नाही. ब्रेकचा पंप आणि झडपा हे काम डोळ्याचं पातं लवेपर्यंत उरकतात.

त्यासाठी यंत्रणेला दोन गोष्टी कळाव्या लागतात. चालकाला कुठे जायचं आहे, हे स्टिअरिंगच्या कोनावरून आणि चाकांच्या वेगावरून कळतं. गाडी खरोखर कुठे चालली आहे, हे सांगतो सिलिकॉनचा एक चिमुकला सेन्सर. त्याच्या आत एक सूक्ष्म वजन सतत थरथरत असतं. गाडी स्वतःभोवती वळू लागली की ते वजन किंचित आडवं ढकललं जातं. जत्रेतल्या फिरत्या चक्रावर मध्यापासून कडेकडे सरळ चालून पाहा, कुणीतरी बाजूला ओढतंय असं वाटेल; तेच हे बल. या दोन उत्तरांचा ताळा सेकंदाला २५ वेळा तरी घेतला जातो. तो जुळला नाही की डॅशबोर्डवर नागमोडी रेघा मागे सोडणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकतं.

गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या बॉश या जर्मन कंपनीत अँटन व्हॅन झांटेन या अभियंत्याच्या चमूने घडवलेली ही यंत्रणा १९९५ साली मर्सिडीजच्या एस-क्लास कूपेमध्ये आली. महागड्या गाडीतली महागडी सोय, एवढंच तिचं स्थान होतं. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका वाहन-मासिकाने मर्सिडीजची छोटी ए-क्लास गाडी चाचणीला घेतली: रस्त्यात अचानक सांबरासारखा मोठा प्राणी आला तर गाडी झटकन बाजूला घेऊन परत आणायची. गाडी उलटली. त्यानंतर कंपनीने प्रत्येक ए-क्लासला ही यंत्रणा बसवली आणि ती सामान्य मोटारीत शिरली. मला यात विलक्षण वाटते ती एक गोष्ट: त्या गाडीचा तळ दुमजली होता आणि त्या पोकळीत पुढे कधीतरी बॅटरी बसवता यावी हाही विचार त्यामागे होता. पेट्रोल गाडीत ती जागा रिकामी राहिली आणि माणसं उंचावर बसली.

आजच्या इलेक्ट्रिक मोटारीत ती पोकळी भरली आहे. काही शे किलोची बॅटरी पायाखाली असल्याने गुरुत्वमध्य खाली येतो आणि गाडी सहसा कलंडत नाही. पण कलंडणं वेगळं, घसरणं वेगळं.

गेल्या जूनमध्ये ताम्हिणी घाटात मेहुण्याची इलेक्ट्रिक गाडी मी चालवत होतो. मोटर मागच्या चाकांवर. पहिल्याच पावसाने रस्ता नुसता ओला झाला होता, धुऊन निघाला नव्हता. वळणात वेग जरा जास्त वाटला म्हणून सवयीने ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलला. ब्रेकला हातही, म्हणजे पायही, लावला नव्हता. तरी पाठीखालून गाडी बाजूला सरकल्याचं स्पष्ट जाणवलं, पिवळा दिवा लुकलुकला, आणि मी स्टिअरिंग सावरेपर्यंत गाडी पुन्हा रेषेत आलेली होती.

पाय उचलला की इलेक्ट्रिक मोटर जनित्र बनते. चाकांना मागे खेचून ती बॅटरीत वीज भरते. गाडीवाले याला रिजन म्हणतात. ही ओढ पडते फक्त मोटर जोडलेल्या चाकांवर. टायरची रस्त्यावरची पकड मात्र एकाच खिशातली असते: तिच्यातूनच वेग कमी करायचा, तिच्यातूनच वळायचं. ओल्या रस्त्यावर खिसा आधीच हलका. त्यातला मोठा हिस्सा रिजनने खर्चला, की आडवं धरून ठेवायला मागच्या चाकांकडे पुरेसं उरत नाही.

आणि सावरते तीही हीच मोटर. मागची चाकं गाडीच्या मानाने हळू फिरू लागल्याचं कळताच ईएससी रिजन तोडतं, गरज पडली तर मोटरकडून चाकांना किंचित पुढे ढकलून घेतं. पेट्रोल इंजिनात आत शिरलेली हवा जळून संपेपर्यंत हुकूम पाळला जात नाही; मोटरमध्ये इन्व्हर्टरने, म्हणजे बॅटरीतली वीज मोटरला हवी तशी करून देणाऱ्या उपकरणाने, विजेचा प्रवाह बदलला की काही मिलिसेकंदांत काम होतं. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्शात दीड मीटरहून जास्त पुढे जाते, म्हणजे घाटात हा फरक कठड्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा आहे. बीएमडब्ल्यूने २०१७ च्या आय-३-एस या इलेक्ट्रिक गाडीत तर घसरण रोखण्याचा निर्णय दूरच्या ब्रेक-संगणकाकडून काढून थेट मोटरच्या नियंत्रकाकडे दिला. निरोप पोचवण्याचा वेळही वाचला.

तरी ब्रेक सुटत नाहीत. एकच मोटर डिफरन्शियलमधून, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडणीतून, डाव्या-उजव्या चाकांना सारखाच जोर देते, त्यामुळे ती जोर कमी-जास्त करू शकते, पण गाडीचं तोंड फिरवू शकत नाही. तिथे पुन्हा ट्रॅक्टरची युक्ती. टाटा हॅरिअर ईव्हीसारख्या पुढे-मागे दोन मोटर असलेल्या गाडीत जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटता येतो. क्रोएशियाच्या रिमॅक नेव्हेरामध्ये प्रत्येक चाकाला स्वतःची मोटर आहे. बाहेरचं चाक पुढे ढकलायचं आणि आतलं मागे ओढायचं, ब्रेक न लावता! अभियंत्यांना पहिल्यापासून हवं होतं ते हेच असावं.

चिखलात चाकं रुतली की मात्र ही यंत्रणा आड येते. चाक नुसतं फिरतंय असं दिसताच ती जोर काढून घेते आणि गाडी हलतच नाही. ती तेवढ्यापुरती बंद करायचं डॅशबोर्डवरचं बटण त्यासाठी आहे; बाहेर पडलात की पुन्हा चालू करा.

आणि एक साधा हिशेब. घाटातल्या १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर कोरड्या रस्त्यावर, घर्षण गुणांक, म्हणजे टायर-रस्त्याच्या पकडीचं माप, ०.८ धरला तर, गाडी ताशी ३९ किलोमीटरपर्यंत टिकते. रस्ता निसरडा होऊन तो ०.४ वर आला की मर्यादा २८ वर येते. ईएससी हा आकडा वाढवत नाही, त्याच्या काठावर तोल सांभाळतं. तळहाताएवढे चार रबरी तुकडे रस्त्याला जेवढं धरतील तेवढंच त्याच्या हाती असतं. परतताना मी तेच वळण २५ ने घेतलं. दिवा लागला नाही.