मॉनिटर कॅलिब्रेशन आणि गडद छटा (खगोल छायाचित्रण)

आकाशाच्या फोटोवर संगणकावर काम करण्यापूर्वी मॉनिटरची चमक, रंग आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते ठरवणारा आकडा) ठरावीक मानकावर आणणे म्हणजे मॉनिटर कॅलिब्रेशन. लग्नाच्या फोटोत थोडेफार उन्नीस-बीस खपते. आकाशाच्या फोटोत मात्र खरा ऐवज काळ्याच्या अगदी लगतच्या छटांत असतो, आणि पडदा नेमका तिथेच फसवतो.

८ बिटच्या प्रतिमेत ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंग-मानकात १० ही छटा पांढऱ्याच्या जेमतेम ०.३ टक्के उजेड देते. १०००:१ कॉन्ट्रास्टच्या (पांढरा काळ्याच्या हजारपट उजळ असलेल्या) पडद्याचा ‘काळा’च मुळी ०.१ टक्के उजळ असतो. त्यात मागची ट्यूबलाइट काचेवर पडली की ० आणि १० यांत फरक उरत नाही. मृग नक्षत्रातल्या अश्वशीर्ष तेजोमेघाभोवतीची फिकट धूळ अशा वेळी दिसेनाशी होते. चमक वाढवून ठेवलेल्या मॉनिटरवर आकाश राखाडी वाटते, म्हणून माणूस काळ्याची पातळी वर ओढतो, म्हणजे तिच्याखालच्या साऱ्या छटा पूर्ण काळ्या करतो, आणि ही धूळ कायमची कापून टाकतो. मंद मॉनिटरवर उलटे: सगळे ताणून उजळले जाते, मग तोच फोटो मोबाइलवर गढूळ आणि दाणेदार दिसतो.

सोलापूरकरांना या छटांची गरज जरा जास्तच. उत्तरेला नान्नजच्या माळरानाकडे जाऊन कॅमेरा लावला, तर शहराचा उजेड दक्षिण क्षितिजावर चढतो, आणि वृश्चिक-धनूतली आकाशगंगा त्याच बाजूला. उजेडाचा हा उतार काढून टाकायचा तर तो आधी दिसायला हवा. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत रात्रीही उकाडा. सेन्सरचा डार्क करंट (उजेड नसतानाही उष्णतेने वाहणारा प्रवाह) साधारण दर ६ अंश सेल्सिअसला दुप्पट होत असल्याने गडद भाग दाण्यांनी भरतो. डार्क फ्रेम (लेन्स झाकून काढलेले, मूळ फोटोतून वजा करायचे फोटो) त्याच रात्री, त्याच तापमानाला घेतलेल्या बऱ्या.

कॅलिब्रेशनसाठी पांढरा बिंदू डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), गॅमा २.२ आणि चमक ८० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर ठेवतात. मॉनिटर अर्धा तास तापू देऊन मग कलरीमीटर (पडद्याचा रंग व चमक मोजणारे उपकरण) लावतात. कलरीमीटर नसेल तर ०, ५, १०, १५ अशा पट्ट्यांचे चित्र उघडून शेजारच्या पट्ट्या वेगळ्या दिसतात का ते पाहावे. टीव्ही एचडीएमआयने जोडला असेल तर आधी रेंजची सेटिंग तपासावी: टीव्ही १६ ते २३५ गृहीत धरून बसला असेल, तर १६ च्या खालचे सारे एकाच काळोखात बुडते.

दुपारी काम करायचेच तर खिडकीवर चादर टांगतात. इथे घरोघरी ती असतेच, पण लाल-हिरवी नको; तिच्यातून गाळून आलेला रंग भिंतीवर पसरतो आणि डोळा भलताच पांढरा धरून बसतो. करडी चालते. एवढे करूनही शेवटचा शब्द डोळ्याचा नसावा. आयड्रॉपर (बिंदूची छटा आकड्यांत दाखवणारे सॉफ्टवेअरमधले साधन) रिकाम्या आकाशावर ठेवून आकडे वाचावेत: पार्श्वभूमी २० ते ३० च्या दरम्यान आणि लाल, हिरवी, निळी या तिन्ही रंगवाहिन्या जवळपास सारख्या हव्यात. छापायचे असेल तर थोडी आणखी उजळ ठेवलेली बरी, कारण कागदावर खालच्या छटा पडद्यापेक्षा लवकर मिटतात.